तपासणाऱ्याचे दोन मार्क

(माजी विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)

पहिल्या रांगेत बसलेल्या आमच्या गणिताच्या बाई, आणि १९९७च्या दहावीच्या माझ्या मित्रमैत्रिणींनो,

संयोजकांनी बजावलं आहे, "तू काय काम करतेस ते सांग, पण आम्हाला कळेल असं." माझ्या आईलाही ते वीस वर्षांत कळलेलं नाही. ती शेजारी सांगते, "कॉम्प्युटरमध्ये आहे." म्हणून मी सुरुवात आठवी 'ब'पासून करते.

आठवतंय ना, बाई चाचणीच्या वह्या आपल्यालाच अदलाबदल करून तपासायला लावायच्या? तपासणाऱ्यानं खाली सही करायची. एकदा गणित होतं : १०० मीटर रस्त्याच्या एका कडेला, दोन्ही टोकं धरून, दर १० मीटरवर एक झाड लावलं, तर झाडं किती? माझ्याकडे माझ्या बाकावरच्या मैत्रिणीची वही आली होती. तिनं लिहिलं होतं १०. मी स्वतः ११ लिहिलं होतं. तरी मी तिच्या उत्तरावर बरोबरची खूण केली आणि सही ठोकली. मैत्री होती ना! बाईंनी तिचा एक मार्क कापला आणि माझे दोन. म्हणाल्या, "ती चुकली. तू बघून सोडलंस." ती मैत्रीण आज तिसऱ्या रांगेत बसून हसते आहे.

आता माझं काम. प्रत्येक कॉम्प्युटरच्या आणि मोबाइलच्या मुळाशी एक कारभारी प्रोग्रॅम असतो, त्याला कर्नल म्हणतात. लिनक्स नावाचा कर्नल १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधल्या विद्यार्थ्यानं सुरू केला. तुमच्या अँड्रॉइड फोनमध्ये तोच आहे. कॅमेरा, स्क्रीन, बॅटरी यांच्याशी बोलायला कर्नलला दुभाषे लागतात. ते ड्रायव्हर. मी पुण्यातल्या एका कंपनीत ड्रायव्हर लिहिते, आणि त्याहून जास्त वेळ दुसऱ्यांनी लिहिलेले तपासते. तपासून झालं की खाली आपलं नाव घालायचं. थोडक्यात, माझी आठवी 'ब' अजून चालूच आहे.

हे लिखाण बहुतेक सी भाषेत असतं. सीमध्ये १६ बाकांचा वर्ग केला की बाकांचे नंबर ० ते १५. कोणी १६ नंबरचं बाक मागितलं तर सी नाही म्हणत नाही. ते मूल भिंतीपलीकडच्या वर्गात जाऊन कुणाच्या तरी मांडीवर बसतं! साधा प्रोग्रॅम फार भरकटला तर कर्नल त्याला बंद करतो. पण कर्नलच भरकटला तर त्याचा कान धरायला वर कोणी नाही. म्हणून दारातच तपासायचं, नंबर हद्दीत आहे का.

ही बारीकसारीक गोष्ट वाटेल. १९ जुलै २०२४ आठवा. विमानतळांवर रांगा लागल्या, आपल्याकडे काही प्रवाशांना हातानं लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. क्राउडस्ट्राइक कंपनीच्या सुरक्षा सॉफ्टवेअरच्या कर्नलमध्ये चालणाऱ्या भागाला २० गोष्टी दिल्या होत्या, आणि तो २१वी वाचायला गेला. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानं सुमारे ८५ लाख विंडोज मशीन कोलमडली. पुढे दुरुस्तीत जे घातलं, त्यात हीच हद्दीची तपासणी होती.

आता माझी गोष्ट. मागच्या वर्षी आमच्याकडच्या एका नव्या मुलानं एका ओळीची दुरुस्ती तपासायला पाठवली. ड्रायव्हरमध्ये १६ खणांचा तक्ता होता, खणाचा नंबर उपकरणाकडून यायचा. जुनी ओळ म्हणायची, 'नंबर १६पेक्षा मोठा असेल तर परत पाठव.' पण १६ हा १६पेक्षा मोठा कुठे आहे? तो आत शिरायचा. मुलानं केलं, '१६ किंवा त्याहून मोठा.' फरक एका चिन्हाचा.

मूळ चूक कुठल्या बदलातून आली, तेही दुरुस्तीसोबत लिहायची आमच्यात रीत आहे. मी तो सहा वर्षांपूर्वीचा बदल उघडला. खाली तपासणारीचं नाव होतं माझं.

मुलानं ते पाहिलेलं असणारच. त्याबद्दल त्यानं अवाक्षर काढलं नव्हतं. मला लाज वाटली. खरं सांगते, पहिला विचार आला, पटकन मंजूर करून विषय संपवावा. पण बाई, तेवढ्यात तुम्ही आठवलात.

मग कागद घेतला आणि टोकाचे आकडे घालून पाहिले. ० आत, बरोबर. १५ आत, बरोबर. १६ बाहेर, बरोबर. मग −१ घातला. तो १६पेक्षा मोठाही नाही आणि १६ही नाही, त्यामुळे बिनधास्त आत! ज्या प्रकारात तो नंबर ठेवला होता त्यात ऋण संख्या चालत होत्या. उपकरण बिघडलं, किंवा कोणी मुद्दाम खोटं उपकरण जोडलं, तर −१ येऊ शकत होता. पुढचं दार लावलं होतं, मागचं सताड उघडं. उपाय सोपा होता : ऋण संख्या न घेणारा प्रकार वापरायचा. ३२ बिटांच्या अशा जागेत −१ ठेवला की त्याचे ४२९४९६७२९५ होतात, आणि तीच तपासणी त्याला अडवते.

मी त्याला लिहिलं, "दुरुस्ती बरोबर आहे, पण अर्धी आहे. −१ घालून बघ. आणि मूळ ओळ मीच तपासली होती. चूक माझ्या नजरेतून सुटली."

अर्ध्या तासात त्याचा फोन आला. "मॅडम, तुमचं नाव दिसलं म्हणून पाठवू की नको, असं दोन दिवस चाललं होतं." चुकीपेक्षा मला हे जास्त लागलं. सापडलेली चूक दोन दिवस तशीच पडून राहिली, ती माझ्या नावाच्या धाकानं. तेव्हापासून माझं लिखाण मी मुद्दाम सगळ्यात नव्या मुलांकडे तपासायला देते, आणि चूक काढली की सगळ्यांसमोर आभार मानते.

आपल्यातले कोणी बिलं तपासतात, कोणी औषधाची चिठ्ठी, कोणी पुलाचे नकाशे. सही सगळेच करतो. बाई, ते दोन मार्क गेले तेव्हा मी घरी जाऊन रडले होते. आज म्हणते, फार स्वस्तात शिकवलंत.

आणि तिसऱ्या रांगेतल्या बाईसाहेब, झाडं ११ होती. तीस वर्षं उशिरा का होईना, तुझी वही नीट तपासून दिली. खाली माझी सही.