रानड्यांची खालची कचेरी



रानडे म्हटले की १८९३ साली हायकोर्टात बसलेले न्यायमूर्ती आठवतात. त्याआधीची वीस-बावीस वर्षे खालच्या न्यायासनांवर गेली, तिकडे कोणी पाहत नाही. त्यांचे बालपण आपल्या कोल्हापुरातले. १८७१ साली ते पुण्यास सबजज्ज झाले. सार्वजनिक सभेत वावरले, म्हणून सरकारच्या डोळ्यांत सलले. आधी नाशिक, मग १८७९ साली धुळे. तेथे त्यांचा टपालही फोडला जाई. बदलीचे हे हत्यार आम्हां युनियनवाल्यांना नवे नाही!

मला मोलाचे वाटते ते पुढचे काम. १८७५ साली सुप्याच्या शेतकऱ्यांनी सावकारांची खते जाळली. त्यातून १८७९चा कायदा आला. कोर्टाने नुसत्या खतावर जायचे नाही. मूळ मुद्दल किती, व्याज किती, हे पहिल्यापासून उकलायचे. रानडे या कायद्याचे स्पेशल जज्ज झाले आणि गावोगावच्या कोर्टांचे निकाल तपासत हिंडले. अंगठा उठला म्हणजे देणे खरे, असे तो कायदा मानीत नव्हता.

माझ्या वडिलांनीही असाच एक अंगठा उठवला होता. हिशेब उकलून पाहणारा त्यांना कोणी भेटला नाही.