बिनमातीचे ऑर्किड आणि घामाचा हिशेब
(जिल्हा बैठकीतील भाषण)



शहरातल्या दुकानांत काचेच्या फुलदाणीत ऑर्किडचे झाड दिसते. आत माती नाही, कोळसा नाही, नारळाची सोडणे नाहीत. नुसती मुळे लोंबतात आणि वर निळी-जांभळी फुले. ते चांगल्या दामाला विकले जाते. जमीन लागत नाही, तर आम्ही का करू नये, असा प्रश्न अनेक गावांतून आला आहे. प्रश्न रास्त आहे. आधी झाड समजून घेऊ, मग हिशेब मांडू.

या झाडाचे नाव वांडा. नाव इथलेच, संस्कृतातले. त्याची भावकी कोकणात आणि सह्याद्रीच्या उतारावर आंब्या-फणसाच्या खोडावर आपोआप वाढते. पावसाळ्याच्या तोंडावर फुलणारी सीतेची वेणी त्याच कुळातली. गावात तिला पुष्कळजण बांडगूळ समजतात, ते खरे नाही. बांडगूळ दुसऱ्या झाडाचा रस शोषते. ऑर्किड फांदीचा फक्त आधार घेते, कमावते स्वतःचे. त्याच्या मुळांवर मेलेल्या पेशींचे स्पंजासारखे आवरण असते. पाणी मिळाले की ते टिपून घेते आणि मूळ हिरवे दिसते. सुकले की रुपेरी-करडे. असे मूळ मातीत पुरले तर गुदमरून कुजते. माती नको, ती या कारणाने.

फुलदाणीची रीत सोपी आहे. सकाळी मुळे बुडतील इतके पाणी भरायचे. पानांच्या बेचक्यात पाणी साठू द्यायचे नाही. पंधरा ते तीस मिनिटांनी मुळे हिरवी झाली की सगळे पाणी ओतून टाकायचे, तळाला घोटभरही ठेवायचे नाही. संध्याकाळपर्यंत मुळे सुकली पाहिजेत. आठवड्यातून एकदा त्याच पाण्यात विद्राव्य खत, तेही पाकिटावर लिहिलेल्या मात्रेच्या चौथ्या हिश्श्याने. पाणी पावसाचे उत्तम. खारवट बोअरच्या पाण्याने मुळांची टोके काळी पडतात. उजेड भरपूर हवा, पण काचेवर थेट ऊन नको. आत भट्टी होते. रात्रीचा पारा बारा-तेरा अंशांखाली गेला की झाड खंगते, म्हणून देशावरच्या थंडीत ते घरात घ्यावे लागते.

आता हिशेब. भरणे, ओतणे, पुसणे मिळून एका फुलदाणीला रोज दोन मिनिटे धरा. शंभर फुलदाण्या म्हणजे रोज २०० मिनिटे, तीन तासांहून जास्त. या कामाला अमावास्या नाही की सणवार नाही. वर्षाच्या ३६५ दिवसांचे होतात सुमारे १,२१६ तास. आठ तासांचा दिवस धरला तर १५२ दिवसांची मजुरी! आणि हे काम कोण करणार? घरातली बाई. योजनेच्या कागदावर तिच्या मजुरीच्या रकान्यात काय लिहिलेले असते? शून्य. गहू-ज्वारीचा उत्पादनखर्च काढताना सरकार घरच्या माणसांचे श्रम कमी धरते म्हणून आपण भांडतो. मग आपल्याच घरात तोच खोटा हिशेब चालू देणार का?

म्हणून पहिली गोष्ट ध्यानात घ्या. फुलदाणी ही शेती नव्हे, ती बांधणी आहे. थायलंडचा शेतकरी शंभर-शंभर फुलदाण्या भरत बसत नाही. हॉलंडचा बागायतदारही नाही. ते झाडे टांगून वाढवतात आणि ओळीच्या ओळी एकदम भिजवतात. काच येते ती विक्रीच्या वेळी. आपणही शेडनेटखाली तारेला झाडे टांगावीत, पाइपाने फवारा द्यावा. कोकणातल्या धो-धो पावसात वर प्लास्टिकचे छप्पर हवे, नाहीतर शेंडा कुजतो.

दुसरी गोष्ट. १९९१ साली शेगावला चतुरंग शेतीचा कार्यक्रम मांडला गेला: सीताशेती, माजघर शेती, व्यापार शेती, निर्यात शेती. झाड वाढवणे हे एक काम, आणि ते काचेत बसवून, निगेची चार वाक्ये मराठीत छापून गिऱ्हाइकाच्या हाती देणे हे दुसरे. हे दुसरे काम माजघर शेतीचे आहे. किमतीतली वाढ तिथेच होते आणि आज ती शहरातला व्यापारी घेतो. उघडे झाड त्याच्या दारात टाकून याल तर टोमॅटोची पाटी टाकून आल्यासारखेच होईल. फुलदाणी आपल्या माजघरातच भरली पाहिजे.

तिसरी गोष्ट. 'रोपे आमच्याकडून घ्या, फुले आम्हीच उचलू' असे कोणी सांगत आला तर तीन प्रश्न विचारा. भाव आजच कागदावर लिहून देता का? रोप मेले तर नुकसान कोणाचे? फूल यायला किती वर्षे? बियापासून वांडा फुलायला चार-पाच वर्षे लागतात, कधी जास्तही. कर्जाचा हप्ता तेवढा थांबत नाही. आधी दहा झाडे घ्या, उन्हाळा-पावसाळा-हिवाळा काढा, आपल्या तालुक्याच्या गावात विकून पाहा. मग हरितगृहाची भाषा करा. अनुदान आहे म्हणून हरितगृह, हा हिशेबच उलटा आहे.

शेवटी कायद्याचे. निळी वांडा मूळची आपल्या ईशान्येची. १८३७ साली विल्यम ग्रिफिथ या वनस्पतितज्ज्ञाला ती खासी टेकड्यांत आढळली. १९३१ साली तिच्या आणि फिलिपिन्सच्या वांडाच्या संकराची नोंद झाली. आजच्या कितीतरी निळ्या जातींत तिचे रक्त आहे. परदेशांनी तिच्यावर व्यापार उभा केला. आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्यात १९९१ साली दुरुस्ती झाली आणि निळी वांडा, तांबडी वांडा यांच्या लागवडीलाही परवाना लागू झाला. रानातली झाडे ओरबाडायला बंदी हवीच. आपणही सीतेची वेणी जंगलातून उपटून आणू नये. पण जे झाड शेतकरी स्वतः वाढवील, त्याच्यासाठी रान ओरबाडावे लागत नाही. लागवड हेच राखणीचे साधन आहे, हे सरकारला कोण सांगणार? आपणच सांगायला हवे.

मायबहिणींनो, या झाडाला माती लागत नाही; श्रम लागतात, आणि ते बहुधा तुमचे असतात. झाडे लावायची की नाही हे प्रत्येकीने आपल्या घरी ठरवावे. पण वहीत पहिली ओळ आपल्या मजुरीची लिहा आणि त्या ओळीसकट भाव मागा. तो मिळत नसेल तर ते झाड व्यापाऱ्याच्या दुकानातच शोभू द्या.