पहिली सुई कोणाला?



आजचा विषय पत्रिकेवर वाचून आपल्यापैकी काहींनी मनात म्हटले असेल की, नर्सिंगच्या मुली कशा शिकतात याच्याशी आम्हा बुटीबोरीकरांचा काय संबंध? संबंध फार जवळचा आहे. दवाखान्यात आपल्या दंडात सुई जाते, तेव्हा ती धरणारा हात आधी कोणाच्या अंगावर शिकला, हा प्रश्न आपलाच आहे.

आम्ही पहिल्या वर्षात शिकत होतो त्या वेळची गोष्ट. एका मोफत वॉर्डात, रुग्णालयाचे नाव घेण्याचे कारण नाही, आमच्या हाती सिरिंज देण्यात आली. तोपर्यंतचा आमचा सारा सराव संत्र्यावर झालेला. आपल्याकडे संत्र्यांना तोटा नाही, आणि सालीतून सुई आत शिरताना जो किंचित अडथळा लागतो तो कातडीशी थोडाफार जुळतो. म्हणून कित्येक मुलींनी पहिली सुई संत्र्यालाच टोचली. पण संत्रे अंग आखडून घेत नाही. खाटेवरच्या म्हाताऱ्या मजुराने ते घेतले, आमचा हात कापला आणि सुई अर्ध्यावर थांबली. ती काढून पुन्हा टोचावी लागली. दुसऱ्यांदाही धड जमले नाही. म्हातारा दात आवळून म्हणाला, "होऊ दे माय, तुले बी त शिका लागते ना!"

त्या रात्री आम्ही पुष्कळ रडलो. त्याचा उदारपणा खरा होता. पण निवड त्याची नव्हती, हे आमच्या ध्यानात यायला बरीच वर्षे गेली. पैसे भरून स्वतंत्र खोली घेणाऱ्याच्या खाटेपाशी पहिल्या वर्षाची मुलगी सुई घेऊन जात नसे. शिकाऊ हाताची किंमत गरिबाच्या अंगावरून वसूल होत होती.

ही किंमत टाळता येते, हे शहाणपण काही आजचे नव्हे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात नववा अध्याय केवळ सरावाला वाहिलेला आहे. कापण्याचा सराव कोहळा, भोपळा, काकडी यांवर करावा, शीर टोचण्याचा मेलेल्या जनावराच्या शिरेवर आणि कमळाच्या देठावर, पट्ट्या बांधण्याचा मनुष्याकृती पुतळ्याच्या अवयवांवर, असे तेथे एकेक करून सांगितले आहे. कितीही ग्रंथ वाचले तरी हात न वळलेला मनुष्य कामाच्या वेळी निरुपयोगी, असा त्या अध्यायाचा रोख आहे. आता 'आमच्याकडे सारे आधीच होते' म्हणून छाती फुगवण्याचा आम्हांस कंटाळा आहे. होते ना? मग त्या म्हाताऱ्याला दोनदा सुई का बसली?

फ्रान्समध्ये मादाम द्यु कुद्रे नावाच्या सुईणीने कापड, चामडे आणि भरणी वापरून बाळंतिणीचे धड व बाळ तयार केले. १७५९ साली राजा पंधराव्या लुईने तिला देशभर शिकवण्याची सनद दिली, आणि अक्षरशत्रू अशा खेड्यांतल्या हजारो बायका त्या कापडी धडावर बाळंतपण शिकल्या. पुढे १९११ साली अमेरिकेतील हार्टफर्ड रुग्णालयाच्या नर्सिंग शाळेने मार्था चेस या बाहुल्या करणाऱ्या बाईंकडून मोठ्या माणसाच्या मापाची बाहुली करून घेतली. मुली तिला 'मिसेस चेस' म्हणत. तिला कूस बदलून द्यायची, उचलायचे, कपडे घालायचे. १९१४ च्या नव्या बाहुलीच्या दंडात सुई टोचण्याचीही सोय झाली.

आज ज्याला सिम्युलेशन म्हणतात ते याच्या एक पाऊल पुढे आहे. येथे नुसता हात वळवायचा नसतो, सबंध प्रसंग उभा करायचा असतो. असा एक प्रसंग सांगतो. खाटेवर रबरी रुग्ण आहे, सलाईनमधून औषध सुरू आहे. पडद्याआडून शिक्षिका रुग्णाच्या आवाजात म्हणते, "सिस्टर, अंगाला खाज सुटली... दम लागतो." चार मुली उभ्या. एक डॉक्टरांना बोलवायला धावली, दुसरी तिच्यामागे, तिसरी ऑक्सिजनकडे; चौथी रुग्णाचा हात धरून धीर देत राहिली. चौघीही मनापासून झटल्या. आणि ज्या औषधाने हे सारे घडवले, ते थेंबाथेंबाने चालूच राहिले! ते बंद करण्याचे कोणालाच सुचले नाही.

खऱ्या वॉर्डात या चुकीने प्राण गेला असता. येथे सारे जण गोल करून बसले. प्रसंग दहा मिनिटांचा आणि बोलणे त्याच्या दुप्पट. आमच्या मते खरा धडा या बोलण्यातच असतो. 'कोण चुकले' येथून सुरुवात केली तर मुली मिटून जातात; 'त्या क्षणी तुला काय दिसत होते' असे विचारले की त्या स्वतःच सांगतात. तासाभराने तोच प्रसंग पुन्हा उभा केला, तेव्हा पहिला हात सलाईनच्या चकरीवर गेला.

याला आक्षेप घेणारे म्हणतात, रबराला लाज नसते, वेदना नसते. त्यावर शिकलेली मुलगी कोरडी होईल. आक्षेप अगदीच फोल नाही. म्हणून काही धडे मुलींनी एकमेकींवरच घ्यावे लागतात. उताणे निजून दुसरीच्या हातून चमच्याने पाणी प्यायले आणि ठसका लागला, म्हणजे रुग्णाचे डोके का उचलावे हे पुस्तकाशिवाय कळते. माणसाला रुग्णाची भूमिका देऊन शिकवण्याची पद्धत डॉ. हॉवर्ड बॅरोज यांनी १९६३ साली अमेरिकेत सुरू केली. आपल्या झाडीपट्टीत नाटकाचे वेड एवढे आहे की तिकडच्या मुलींना रुग्ण होण्याची तालीम द्यावी लागत नाही. उलट आमच्या एका विद्यार्थिनीचे कण्हणे आवरता आवरेना!

भारतीय परिचर्या परिषदेच्या २०२१ च्या बी. एस्सी. अभ्यासक्रमाने पहिल्या सत्रातील नर्सिंग फाउंडेशनला स्किल लॅबचे ८० तास आणि वॉर्डातले १६० तास नेमून दिले. कागद उत्तम आहे. पण एका संस्थेत आम्ही असा पुतळा पाहिला की त्याच्यावरचे प्लॅस्टिकही निघाले नव्हते. तपासणीच्या दिवशी धूळ तेवढी झटकायची. महाग वस्तू मुलींच्या हाताने खराब होईल ही भीती! मुलींच्या हाताने माणूस खराब झाला तर? अमेरिकेतील १० नर्सिंग अभ्यासक्रमांच्या, २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत वॉर्डातला निम्म्यापर्यंत वेळ सिम्युलेशनला देऊनही मुली मागे पडल्या नाहीत. मात्र तेथे शिक्षक त्यासाठी तयार केलेले होते. पुतळा विकत मिळतो, असा शिक्षक मिळत नाही.

आपले गाव कारखान्यांचे. मोठा अपघात झाला की गाडी नागपूरच्या दिशेने धावते आणि वाटेतली मिनिटे कोणाच्या तरी हातात असतात. १९६० साली नॉर्वेतील आस्मुंड लेर्दाल या खेळणी करणाऱ्या गृहस्थाने श्वास आणि हृदय पुन्हा चालू करण्याच्या सरावासाठी एक पुतळा केला. त्याला चेहरा दिला तो पॅरिसच्या सेन नदीत सापडलेली म्हणून सांगितल्या जाणाऱ्या एका अनामिक मुलीचा. त्या जातीचा एक पुतळा आम्ही सोबत आणला आहे. छातीच्या मधोमध दोन्ही तळहात एकावर एक ठेवून, मिनिटाला १०० ते १२० वेळा, सुमारे ५ सेंटिमीटर खोल दाबायचे. पुरेसे दाबले की आतून 'टक्' असा आवाज येतो. पुतळा व्यासपीठाच्या डाव्या बाजूस सतरंजीवर ठेवला आहे. पहाटे पहिल्या पाळीला जाणाऱ्या मंडळींनी आधी यावे.