तरुणांनी राजकारणात लक्ष घालावे काय ?

(अमडापूर येथे ज्युबिली महोत्सवाच्या निमित्ताने दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्युबिलीच्या मंडपात देवाचे उपकार आठवावेत, गत पिढ्यांच्या श्रद्धेचे गुणगान करावे आणि प्रीतिभोजनाची वेळ झाली की वक्त्याने खाली बसावे, अशी रीत आहे. ती मोडून आम्ही आज मतदानाची गोष्ट काढीत आहोत, याबद्दल वडीलधाऱ्या मंडळींनी रागावू नये. विषय आम्ही हौसेने निवडलेला नाही. महोत्सवाच्या तयारीसाठी घरोघर जाणे झाले, तेव्हा सहज विचारपूस करता असे कळून आले की, अठरा वर्षे पुरी झालेल्या आमच्या मुलामुलींपैकी कित्येकांची नावे अद्याप मतदारयादीत चढलेलीच नाहीत. ज्यांची चढली आहेत त्यांतील बरेच जण पुण्यास, मुंबईस किंवा छत्रपती संभाजीनगरास कामाला आहेत, आणि मतदानाच्या दिवशी ते इकडे येत नाहीत. कारण विचारले तर उत्तर बहुधा एकच : ‘राजकारण हा आपला प्रांत नव्हे.’

हे उत्तर मुलांनी स्वतः शोधलेले नाही. ते त्यांनी घरीच ऐकले आहे. म्हणून आजचे आमचे बोलणे तरुणांइतकेच त्यांच्या आईबापांसही आहे.

या उत्तरात श्रद्धेचा काही अंश आहे, हे आम्ही मान्य करतो. आपले राज्य या जगाचे नव्हे, असे प्रभूने पिलातासमोर सांगितले, हे खरेच. तथापि कराच्या नाण्याचा प्रश्न पुढे आला तेव्हा त्याच प्रभूने कैसराचे देणे नाकारले नाही. आता लोकशाहीत कैसर कोण, हे मात्र फारसे कोणी विचारीत नाही. त्या काळचा कैसर रोमला बसत असे, आणि गालिलातल्या कोळ्याला त्याच्या निवडीत काडीचाही अधिकार नव्हता. आज या देशात ती गादी कोणाला द्यायची हे ठरविणाऱ्यांत अमडापूरची अठरा वर्षांची मुलगीही आहे. अर्थात कैसराचे देणे म्हणजे केवळ करपट्टी भरणे नव्हे. त्या देण्यात आता आपला विचार आणि आपली निवड यांचाही वाटा आला. कॅथॉलिक ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षणग्रंथात, परिच्छेद २२४० मध्ये, कर भरणे, मताचा अधिकार बजावणे आणि देशाचे रक्षण करणे ही तिन्ही नैतिक कर्तव्ये म्हणून एकत्र सांगितली आहेत. मिस्सा चुकली तर आम्ही पापस्वीकाराला जातो. मतदान चुकले तर त्या दिवशी सुटी चांगली गेली असे म्हणतो! राजकारणी पुरुषाला संत होता येत नाही असे ज्यांस वाटते, त्यांनी संत थॉमस मोर यांचे चरित्र पाहावे. इंग्लंडच्या राजाचे ते मुख्य प्रधान होते, सदसद्विवेकबुद्धीसाठी १५३५ साली त्यांनी शिर दिले, आणि २००० साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी त्यांना राज्यकर्त्यांचे व राजकारण्यांचे आश्रयदाते संत म्हणून घोषित केले.

कॅथॉलिक लोकांनी राजकारणापासून दूर राहून पाहिले नाही, असेही नाही. इटालीत तो प्रयोग पुरी पन्नास वर्षे चालला. पोपमहोदयांचे राज्य नव्या इटालीच्या राजाने गिळावयास आरंभ केला, तेव्हा १८६८ साली रोमहून असा निर्णय निघाला की, कॅथॉलिकांनी राष्ट्रीय निवडणुकांत भाग घेणे इष्ट नाही. त्या वेळच्या परिस्थितीत या निर्णयास सबळ कारण होते. पुढे १९०५ च्या सुमारास तो सैल झाला आणि १९१९ साली पूर्णपणे उठला. त्याच वर्षी लुइजी स्तुर्झो नावाच्या धर्मगुरूंनी लोकपक्ष स्थापन केला आणि पहिल्याच निवडणुकीत त्यास मोठे यश आले. परंतु राज्यकारभाराचा सराव होण्यास त्या लोकांना अवघी तीन वर्षे मिळाली. १९२२ साली मुसोलिनी सत्तेवर आला आणि १९२६ पर्यंत विरोधी पक्ष म्हणून काही शिल्लक राहिले नाही. कॅथॉलिक दूर राहिले म्हणूनच फॅसिझम आला, असे आम्ही म्हणणार नाही. इतिहास इतका सरळ नसतो. पण ज्या पिढीने सभा चालविणे, विरोधकाशी वाद घालणे आणि तडजोड करणे हे कधी केलेलेच नाही, ती पिढी ऐन प्रसंगी अडखळते, एवढे या प्रकरणावरून आम्हास दिसते.

आमच्या देशात याच्या उलट घडले, आणि ते आमच्या मुलांस शाळेत फारसे कोणी सांगत नाही. १९३५ च्या कायद्याने हिंदी ख्रिस्ती लोकांसाठी काही प्रांतांत स्वतंत्र मतदारसंघ होते. ख्रिस्त्यांचा प्रतिनिधी ख्रिस्त्यांनीच निवडावयाचा. स्वराज्य आल्यावर घटना तयार करणाऱ्या सभेत हा प्रश्न निघाला. तिचे उपाध्यक्ष हरेंद्र कुमार मुखर्जी हे बंगाली ख्रिस्ती होते आणि अल्पसंख्याकांच्या उपसमितीचे अध्यक्षही तेच. मद्रासकडून निवडून आलेले येशूसंघीय धर्मगुरू फादर जेरोम डिसोझा हेही त्या सभेत होते. मे १९४९ मध्ये धार्मिक अल्पसंख्याकांच्या राखीव जागा रद्द करण्याचा ठराव झाला, तेव्हा ख्रिस्ती पुढाऱ्यांनी त्यास विरोध केला नाही; उलट पाठिंबाच दिला. राखीव खुर्ची नको, शेजाऱ्यांच्या मतांवर निवडून येऊ, हा त्यांचा विश्वास होता. त्या सभेने दिलेल्या घटनेतील २५ व्या कलमात धर्म पाळण्याबरोबरच त्याचा प्रसार करण्याचेही स्वातंत्र्य आहे. आता विचार करा : त्या पिढीने राखीव जागा सोडल्या त्या सार्वजनिक जीवनात मिसळण्यासाठी. आम्ही जर घरीच बसलो, तर आमच्या हाती राखीव जागाही नाही आणि मिसळणेही नाही.

मताचा अधिकार मिळण्यास किती काळ लागला, हेही तरुणांनी ध्यानात घ्यावे. १९३७ साली प्रांतिक निवडणुका झाल्या तेव्हा मत हे कर, मालमत्ता किंवा शिक्षण पाहून दिले जाई, आणि साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानात सुमारे ३ कोटी लोकांनाच ते होते. कापूस वेचणाऱ्या मजुरिणीला कोण विचारतो ! आमचे वऱ्हाड तर कागदोपत्री निजामाचे, कारभारास इंग्रजांचे आणि जोडलेले मध्यप्रांताला. तीन धन्यांच्या घरी चाकराचे मत कोणी घ्यावे? १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत मतदारांचा आकडा १७ कोटींवर गेला. हा जिल्हा तेव्हा मध्यप्रदेशात असल्यामुळे आमच्या आजोबा-आजींनी आपले पहिले मत नागपूरच्या विधानसभेसाठी दिले. १९५६ साली आम्ही मुंबई राज्यात आलो आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात. मताचे वय प्रथम २१ होते; ६१ व्या घटनादुरुस्तीने २८ मार्च १९८९ पासून ते १८ झाले.

‘आमच्या चार मतांनी काय होणार ?’ या प्रश्नास आकडेच उत्तर देतील. आमच्याच जिल्ह्यात, बुलढाणा विधानसभा मतदारसंघात, २०२४ साली विजयी आणि पराभूत उमेदवारांत ८४१ मतांचे अंतर होते. मालेगाव मध्य येथे त्याच वेळी ते १६२ होते. त्याच वर्षीच्या लोकसभा निवडणुकीत मुंबई उत्तर-पश्चिम मतदारसंघाचा निकाल ४८ मतांनी लागला. लाखो लोकांच्या शहरात ४८! मिस्सेला मागच्या दोन बाकांवर बसणारी आमची मंडळी याहून थोडी नसतात.

आता भीतीचा भाग. तो आम्हास सर्वांत खरा वाटतो, म्हणून त्यावर थोडे अधिक बोलू. आम्ही गावात मूठभर आहोत. कोणाच्या डोळ्यांवर येऊ नये, आपले काम करावे, प्रार्थना करावी, अशी आमच्या वाडवडिलांची वृत्ती होती, आणि तिच्यात शहाणपण नव्हते असे नाही. पण न दिसण्याची किंमतही मोजावी लागते. एक उदाहरण देतो. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती केवळ हिंदू धर्म पाळणाऱ्यांस राहिल्या. १९५६ साली त्यांत शीख बांधवांचा आणि १९९० साली बौद्ध बांधवांचा समावेश झाला. ख्रिस्ती झालेला दलित मात्र आजही बाहेर आहे. त्याला राखीव जागेवरून ग्रामपंचायतीस उभे राहता येत नाही. त्याच आळीतला, त्याच पूर्वजांचा, तेच दारिद्र्य भोगलेला त्याचा चुलतभाऊ उभा राहू शकतो. २००७ साली न्यायमूर्ती रंगनाथ मिश्र यांच्या आयोगाने धर्माची ही अट काढावी अशी शिफारस केली. २०२२ साली माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली आणखी एक आयोग नेमण्यात आला. या मागणीच्या बाजूने आणि विरुद्धही मते आहेत. ती येथे मांडण्यास वेळ नाही. आमचे म्हणणे इतकेच की, बौद्ध बांधवांनी चौतीस वर्षे सभा, मोर्चे, निवेदने आणि मतपेटी या सर्व वाटांनी आपले गाऱ्हाणे जिवंत ठेवले. आमच्या घरातील किती तरुणांना या आदेशाचे नाव तरी ठाऊक आहे ?

राजकारण म्हटले की दिल्ली-मुंबई डोळ्यांपुढे येते. आमच्या मते आरंभ अमडापुरातच करावा. ज्याचे नाव गावच्या मतदारयादीत आहे तो प्रत्येक जण ग्रामसभेचा सभासद असतो. त्यासाठी कोणाची शिफारस लागत नाही. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवशी ग्रामसभा भरविण्याची वहिवाट आहे. एकूण मतदारांचे १५ टक्के किंवा १०० माणसे, यांतील जो आकडा लहान असेल तितकी उपस्थिती लागते. ती न झाल्यास सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेस उपस्थितीची अट नसते. म्हणजे गावच्या पैशाचा विनियोग वीस-पंचवीस माणसे ठरवून मोकळी होतात, आणि बाकीचे वर्षभर चहाच्या टपरीवर कुरकुरत बसतात. पाण्याची टाकी, रस्त्यावरचा दिवा, घरकुलाची यादी हे सारे येथलेच विषय. दहनभूमी आणि दफनभूमी यांची व्यवस्थाही ग्रामपंचायतीच्याच कामांत मोडते. ज्या गावांत ख्रिस्ती घरे चार-पाचच असतात, तेथे मृताला कोठे ठेवावे हा प्रश्न ऐन दुःखात उभा राहतो. तो सोडविण्याची जागा स्मशानाच्या वाटेवर नाही. आगाऊ अर्ज देऊन, ग्रामसभेत उभे राहून, ठराव करून घेण्यात आहे. एकविसावे वर्ष पूर्ण झालेल्यास पंचायतीची निवडणूक लढविता येते, आणि महाराष्ट्रात निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. आमच्या मुलींनी ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवावी.

या बाबतीत वसईकडे पाहण्यासारखे आहे. १९८० च्या दशकाच्या अखेरीस तेथील हिरवा पट्टा इमारतींसाठी मोकळा होऊ लागला, तेव्हा हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली आणि ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादक फादर फ्रान्सिस दिब्रिटो तिचे अग्रणी झाले. विहिरींचे पाणी आणि बागायत ही सर्वांचीच होती; म्हणून ती चळवळ एका धर्माची राहिली नाही, आणि तिचे बळही त्यातच होते. फादर स्वतः निवडणुकीस उभे राहिले नाहीत. राज्यसत्तेचे पद धर्मगुरूंनी स्वीकारू नये, असा ख्रिस्तसभेचा नियमच आहे (धर्मनियमसंहिता १९८३, कलम २८५). अमेरिकेत रॉबर्ट ड्रिनन हे येशूसंघीय धर्मगुरू १९७१ पासून दहा वर्षे प्रतिनिधिगृहाचे सभासद होते. १९८० साली पोपमहोदयांची आज्ञा होताच त्यांनी पुन्हा उमेदवारी केली नाही. हे पद प्रापंचिकांचे आहे, आणि ते त्यांनीच सांभाळावयाचे.

याचीच दुसरी बाजू अशी की, मत कोणास द्यावे हे वेदीवरून सांगण्याची अपेक्षा कोणी आपल्या धर्मगुरूंकडून करू नये, आणि त्यांच्या नावाने कोणी सांगितले तर ऐकूही नये. निवडणूक जवळ आली की काही मध्यस्थ आमच्या वस्तीत येतात आणि ‘तुमची सगळी मते एकगठ्ठा कोणाला ?’ असे विचारतात. ज्या घरात बाप एका पक्षाचा आणि मुलगी दुसऱ्या पक्षाची, त्या घराची आम्हास धास्ती वाटत नाही. ज्या वस्तीची सर्व मते एका माणसाच्या खिशात, तिची वाटते. धर्माच्या नावावर मत मागणे हे १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याने भ्रष्ट आचरण ठरविले आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २ जानेवारी २०१७ च्या निर्णयाने मतदाराच्या धर्माचे आवाहनही त्यात आले. हा नियम आमच्या रक्षणासाठी आहे, तसाच तो आम्हावर बंधनकारकही आहे. मताच्या आदल्या रात्री येणारी पाकिटे, साड्या आणि बाटल्या यांविषयी आम्ही अधिक बोलत नाही. ती कोणत्या घरी पोचली हे त्या घरास ठाऊक आहे. मत गुप्त असते, एवढे मात्र सांगून ठेवतो. घेणाऱ्याने भिऊन तसेच मत द्यावे असे कोणतेही बंधन नाही. पण घेतलेच कशाला, हा प्रश्न उरतोच.

बाहेरगावी राहणाऱ्यांविषयी एक गोष्ट सांगावयाची राहिली. ज्याचे नेहमीचे राहणे जेथे, तेथे त्याचे नाव असावे, असा कायदा आहे; दोन ठिकाणी नाव ठेवता येत नाही. तेव्हा पुण्यास कायमचे स्थिरावलेल्यांनी तेथे नाव घालून तेथेच मतदान करावे. जे काही महिने कामाला जाऊन परत येतात, त्यांनी नाव येथे ठेवावे आणि त्या दिवशी गाडी पकडावी. मतदानाच्या दिवशी भरपगारी सुटी देणे मालकावर बंधनकारक आहे, हे मागण्यास लाजू नये.

नाव घालण्यासाठी पूर्वी केवळ १ जानेवारीचे वय धरीत. २०२२ पासून १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार तारखा झाल्या आहेत, आणि सतरा वर्षे पूर्ण झालेल्यासही आगाऊ अर्ज करता येतो. नमुना क्रमांक ६ चे कोरे अर्ज मंडपाच्या दाराशी, प्रीतिभोजनाच्या ताटांच्या अलीकडच्या मेजावर ठेवले आहेत. सोबत छायाचित्र आणि वयाचा व पत्त्याचा दाखला लागेल. ज्यांस लिहिण्याची अडचण आहे त्यांना मदत करण्याचे तरुण संघाच्या दोन मुलींनी कबूल केले आहे; त्या तिन्हीसांजेपर्यंत तेथे बसतील.