वडिलार्जित घराची विक्री आणि भांडवली नफ्यावरील कर

पुण्यांत वडिलार्जित घर विकण्याचा प्रसंग बहुधा घरांतील वडील माणसें गेल्यावर येतो. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटलें आणि नदीकांठच्या पेठांतील अनेक कुटुंबांनीं पुढील वर्षांत इतरत्र घरें केलीं. त्या वेळीं हजारांत झालेल्या घरांची किंमत आज कोटींत बोलली जाते. मुलगा परगांवीं, मुली सासरीं, घर सांभाळावयास कोणी नाहीं. मग विक्रीची गोष्ट निघते आणि तिच्या पाठोपाठ कराची धास्ती येते. ऐकीव माहितीवरून कोणी विक्री लांबवितो, तर कोणी कागदावर किंमत कमी दाखविण्यास तयार होतो. यास्तव अशा कुटुंबांत नेहमीं उपस्थित होणाऱ्या कांहीं प्रश्नांचा येथें क्रमानें विचार करावयाचा आहे.

पहिला प्रश्न असा कीं, घर वारशानें मिळालें म्हणून कर पडतो काय? नाहीं. मृताच्या संपत्तीवरील कर १९५३ सालीं आला होता; तो १९८५ सालीं रद्द झाला. आजचा कर विक्रीवर, आणि तोहि केवळ नफ्यावर आहे. हा कर तसा जुनाच. १९४७ च्या अंदाजपत्रकांत लियाकत अली खान यांनीं तो प्रथम आणला. थोड्याच काळांत तो थांबला आणि १९५६ सालीं पुन्हां सुरू झाला. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याच्या जागीं १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा कायदा योजलेला आहे. कलमांचे क्रमांक बदलले तरी या कराचें मूळ तत्त्व तेंच आहे.

दुसरा प्रश्न: वारसानें स्वतः कांहींच पैसे दिले नाहींत, मग नफा मोजावयाचा कसा? मूळ मालकाचा खर्च तोच वारसाचा खर्च, असें कायदा मानतो. घर १ एप्रिल २००१ पूर्वींचें असल्यास त्या दिवशींची वाजवी बाजारकिंमत धरतां येते. मात्र त्या दिवसाचा सरकारी दर उपलब्ध असेल तर त्याहून ती अधिक धरतां येत नाहीं. नोंदणीकृत मूल्यमापकाकडून ती लेखी घ्यावी. पुढें वाढविलेला मजला आणि विक्रीच्या वेळची दलाली हीं देखील पुराव्यासह वजा होतात.

तिसरा प्रश्न दराचा. २३ जुलै २०२४ पासून चोवीस महिन्यांहून अधिक काळ जवळ असलेल्या घराच्या नफ्यावर साडेबारा टक्के कर आहे. त्यांत महागाईची सूट नाहीं. परंतु त्या तारखेपूर्वीं घेतलेल्या घराबाबत भारतांत राहणाऱ्या व्यक्तीस जुना हिशेबहि करून पाहतां येतो. त्यांत खर्च महागाई-निर्देशांकानें वाढवून उरलेल्या नफ्यावर वीस टक्के कर पडतो. हा निर्देशांक २००१-०२ सालीं १०० होता, तो २०२५-२६ सालीं ३७६ झाला. बक्षीस मिळालेल्या मालमत्तेच्या एका प्रकरणांत मुंबई उच्च न्यायालयानें २०११ सालीं निर्णय दिला कीं, हा निर्देशांक मूळ मालकाच्या काळापासून मोजावा. वारशासहि तेंच तत्त्व लागतें.

समजा, २००१ सालीं २० लाखांचें घर २०२५-२६ सालीं दोन कोटींस विकलें. नव्या रीतीनें नफा १८० लाख व कर साडेबावीस लाख. जुन्या रीतीनें खर्च ७५.२ लाख, नफा १२४.८ लाख व कर २४.९६ लाख, म्हणजे नवी रीत बरी. पण २००१ ची किंमत ४० लाख असती तर नव्या रीतीचा कर २० लाख आणि जुन्या रीतीचा अवघा ९.९२ लाख होतो. (उपकर व अधिभार यांत धरलेले नाहींत.) त्या वर्षीं किंमत २००१ च्या सुमारें सव्वाआठ पटींहून कमी वाढली असेल तर जुनी रीत हिताची, असें गणितानें निघतें. मूल्यमापनाचा एक कागद किती मोलाचा, हें यावरून दिसेल.

चौथा प्रश्न निवृत्त मंडळींचा: बारा लाखांपर्यंत कर नाहीं ना? नव्या करपद्धतींतील ती सवलत या नफ्यास लागूं पडत नाहीं. मात्र चार लाखांच्या मूळ मर्यादेचा दुसऱ्या उत्पन्नानें न भरलेला भाग नफ्यांतून वगळतां येतो.

पांचवा प्रश्न: कर वांचविण्याचा सरळ मार्ग कोणता? राहतें घर विकल्यास नफ्याची रक्कम दुसऱ्या घरांत घालावी. तें विक्रीपूर्वीं एक वर्षांत वा नंतर दोन वर्षांत घ्यावें, किंवा तीन वर्षांत बांधावें. विवरणपत्राच्या मुदतीपर्यंत रक्कम खर्च झाली नाहीं तर ती बँकेंतील भांडवली नफा खात्यांत ठेवावी. मोकळी जागा विकली तर पूर्ण सवलतीसाठीं नफाच नव्हे, हातीं आलेली सर्व रक्कम घरांत घालावी लागते. घर नको असल्यास सहा महिन्यांच्या आंत ठराविक सरकारी संस्थांच्या रोख्यांत ५० लाखांपर्यंत नफा गुंतवितां येतो. ते पांच वर्षें मोडतां येत नाहींत. तीन भावंडें असल्यास तिघांचा हिशेब व सवलत स्वतंत्र.

शेवटचा प्रश्न हळू आवाजांत विचारला जातो: कांहीं रक्कम रोख घेतली तर? सरकारी दर दस्तांतील किंमतीहून दहा टक्क्यांपेक्षां अधिक वर असेल तर सरकारी दरच विक्रीची किंमत मानला जातो. शिवाय २०,००० रुपये वा अधिक रोख घेणें निषिद्ध असून तेवढाच दंड होऊं शकतो. आणि रोख पैशांतून नवें घर उघडपणें घेतां येत नाहीं, तेव्हां खरी सवलतहि हातची जाते.

सारांश, कराचें गणित सहीच्या आधीं करावें, नंतर नव्हे. खरेदीखत, बांधकामाच्या पावत्या, मृत्युपत्र आणि मूल्यमापनाचा दाखला हीं एका ठिकाणीं ठेवावींत, आणि सर्व भावंडांनीं एकत्र बसून, जाणत्या सल्लागारासमक्ष, दोन्ही रीतींनीं आंकडे मांडावेत. आईवडिलांनीं काटकसरीनें केलेलें घर विकतांना पैशापेक्षां भावंडांतील विश्वास अधिक जपावयाचा असतो, आणि उघड हिशेबानें तो टिकतो.