थंडीवरची द्राक्षे
(ढाणकी येथील सभेतील भाषण)



जर्मनीत मोझेल नदीकाठच्या उभ्या उतारांवर वाइनची द्राक्षे होतात. हवा थंड, म्हणून फळ सावकाश पिकते, आंबटपणा टिकतो. भाव त्या आंबटपणालाच! नाशिकात ऊन भरपूर, थंडी थोडी. म्हणून तिथला शेतकरी पावसाळा सरताना वेल छाटतो. फळ जानेवारी-फेब्रुवारीच्या गार रात्रींत पिकते. आपली रब्बी ज्वारी थंडीवर पोसते, तसेच. सुलाची वाइन २००० साली निघाली, २००१ साली सरकारने अबकारी करात सूट दिली आणि कारखाने वाढले.

ढाणकीत वेल लावा, असे मी म्हणत नाही. पाणी कुठून आणाल? पण नाशिकची वाइन द्राक्षाच्या बांधापाशीच बनते. आपल्या कापसाची गाठ बांधली, की ती ट्रकवर चढते ती चढतेच.