सागरी अभयारण्य आणि तापणारा समुद्र



गोव्याच्या उत्तरेस, सिंधुदुर्ग जिल्ह्यात मालवणचे सागरी अभयारण्य आहे. सन १९८७ मध्ये घोषित झालेल्या या अभयारण्याचे क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर असून सिंधुदुर्ग किल्ल्याच्या सभोवारचा समुद्र हा त्याचा गाभा होय. मासेमारी बंद पडेल या भीतीने स्थानिक मच्छीमारांनी त्यास विरोध केला. त्या शंकेचे निरसन आजही अगत्याचे आहे. परंतु आता त्यात एका नव्या संकटाची भर पडली आहे. नकाशावरील रेषा जाळे अडवू शकते, तापलेले पाणी अडवू शकत नाही.

प्रवाळ म्हणजे दगड नव्हे. ती लहान प्राण्यांची वसाहत होय. तिच्या अंगी राहणारे सूक्ष्म शैवाल सूर्यप्रकाशात अन्न तयार करून तिला पोसते. उन्हाळ्यातील नेहमीच्या कमाल तापमानाहून पाणी सुमारे एक अंशाने अधिक तापले व काही आठवडे तसेच राहिले, की हे शैवाल निघून जाते आणि प्रवाळ पांढरे पडते. पाणी वेळीच थंडावल्यास ते सावरते. न थंडावल्यास उपासमारीने मरते. मालवणच्या प्रवाळांवर २०१४ ते २०१९ या काळात असा प्रसंग वारंवार आल्याचे संशोधकांना आढळले आहे. प्रवाळ गेले की अनेक माशांचा आसरा जातो, आणि त्याची झळ अखेर मच्छीमाराच्या चुलीपर्यंत पोहोचते.

समुद्र थंड करणे कोणत्याही एका जिल्ह्याच्या हाती नाही. म्हणून शास्त्रीय नियोजनाचा पहिला नियम असा, की जे ताण स्थानिक प्रयत्नाने कमी होतील ते प्रथम कमी करावेत. होड्यांचे नांगर, पाणबुड्या पर्यटकांचे हातपाय, सांडपाणी व गाळ यांनी दुखावलेले प्रवाळ उष्णतेपुढे लवकर हार खाते. पाण्याखालील पर्यटनाने मालवणच्या प्रवाळांची मोडतोड झाल्याची नोंदही संशोधकांनी केली आहे. नांगराऐवजी कायम बोयरे बसविणे हा त्यावरील साधा उपाय होय.

दुसरा नियम मोजमापाचा. हैदराबाद येथील भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र उपग्रहांद्वारे मिळालेल्या तापमानावरून कच्छचे आखात, लक्षद्वीप, मन्नारचे आखात आणि अंदमान-निकोबार येथील प्रवाळांसाठी इशारे देते. इशारा मिळाल्यावर काय करावयाचे, हे मात्र आधीच ठरलेले असावे. एप्रिल-मेमध्ये या किनाऱ्यावरील पाणी सर्वाधिक तापते आणि सुटीतील पर्यटकांची गर्दीही तेव्हाच होते. अशा आठवड्यांत प्रवाळस्थळे पर्यटनास बंद ठेवावयाची झाल्यास होडीवाल्यांच्या बुडणाऱ्या रोजगाराची तजवीज योजनेतच हवी.

तिसरा नियम जागेचा. पाणी चढू लागले की कांदळवनास जमिनीकडे सरकण्यास वाव लागतो. तेथे भराव पडल्यास ते मधल्यामध्ये नष्ट होते. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत महिला बचतगट पर्यटकांना होडीतून कांदळवन दाखवितात. जे राखावयाचे त्यावरच उपजीविका उभी राहू शकते, याचे हे उदाहरण होय.

योजना एकदा लिहून कपाटात ठेवण्याची वस्तू नव्हे. दरवर्षीच्या नोंदी पाहून ती सुधारावी लागते. किनाऱ्यावरील शाळांनी नियमितपणे पाण्याचे तापमान नोंदविल्यास आणि कोणता मासा केव्हा मिळेनासा झाला हे मच्छीमारांनी सांगितल्यास त्या नोंदींना मोल येईल. ज्यांच्या सहकार्याने योजना चालावयाची, त्या मच्छीमारांना ती आखताना प्रथम बोलाविले पाहिजे.